अरण्याची खानेसुमारी

दीपावलीचा हा अंक वाचकांच्या हाती देताना, पावसाने यंदाही आपली वेळ पाळली नाही ही तक्रार जिकडेतिकडे ऐकू येत असता, त्या पावसावरच ज्यांचे जीवित अवलंबून आहे त्या अरण्यांविषयी लिहावेसे वाटले. हवामानासरशी अरण्येही पालटत असली पाहिजेत, हे विधान करायला व्यासपीठ पुरते. ते सिद्ध करायचे तर एकेका झाडापाशी जावे लागते.

पनामातील बारो कोलोरॅडो बेटावर हबेल आणि फॉस्टर या संशोधकांनी 50 हेक्टर अरण्य आखून, त्यातील एक सेंटिमीटरहून जाड अशा प्रत्येक खोडाला क्रमांकाचा बिल्ला लावून, 1982च्या सुमारास पहिली खानेसुमारी केली न केली तोच एल निन्योचे कडक अवर्षण पडले. पुढच्या मोजणीत मृत वृक्षांचा आकडा फुगलेला आढळला तो आधीचे दफ्तर हाताशी होते म्हणूनच.

आपल्याकडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील रामन सुकुमार यांनी 1988 साली मुदुमलाईच्या साग-ऐन-धावड्याच्या रानात तेवढाच तुकडा मुकर्रर केला. तेथे वणवा आणि हत्ती हेही खातेदार आहेत! जमिनीपासून 1.3 मीटरवर फीत गुंडाळायची, हे ऐकायला पोरकट काम. पण मागची खूण चुकवून फीत सरकली, साल निखळली, किंवा कोरड्या हवेत खोड किंचित आकसले, तरी वहीत झाड चक्क रोडावते, आणि वाळले म्हणून ज्याचे नाव कमी केले तेच पावसाळ्यात बुंध्यापासून फुटून येते.

सागाने मात्र आपला दाखला स्वतःच ठेवला आहे. पानगळीनंतर थांबलेली वाढ पावसासवे सुरू होऊन त्याच्या खोडात वर्षाला एक वलय उमटते, आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी त्यावरून गतकाळच्या मोसमी पावसाचा माग काढला आहे. सदाहरित वृक्षांत अशी वलये बहुधा अस्पष्ट, म्हणून तेथे फीत आणि वहीच खरी.

अशा वहीला राजाश्रय दुर्मिळ. अनुदाने तीन-पाच वर्षांच्या मुदतीची. ‘त्याच झाडाचे तेच माप पुन्हा घेतले’ हे उत्तर सरकारदरबारी रुजू होत नाही, आणि वृक्षलागवडीच्या विक्रमांना मात्र पहिले पान मिळते.

यंदाचे वनविषयक लेख मागवताना आम्ही एकच अट घातली होती: अनुमान कोणतेही मांडा, परंतु मोजणी कोणी, कोठे आणि किती वर्षे केली ते लिहा. एका लेखकमहाशयांनी त्यावर लेखच परत नेला. बाकीचे पुढील पानांत आहेत.