घरांतील विज्ञान : न पेटणारा ओव्हन

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या पुतण्यानें आम्हांस कोलोरॅडोच्या डोंगरांत नेलें. मोटारीमागें जोडलेलें चाकांवरचें बिऱ्हाड त्यानें भाड्यानें घेतलें होतें. तिकडे त्यास कॅम्पर ट्रेलर म्हणतात. आंत बिछाने, मोरी, प्रोपेन वायूची शेगडी व तिच्याखालीं ओव्हन. सूनबाईंस नानकटाई करावयाची होती. पण ओव्हन पेटेना. बटण दाबून काडी लावली कीं लहानशी ज्योत येई, बटण सोडतांच विझे. पांच-सहा काड्या झाल्या आणि वास येऊं लागला.

"काका, आणखी एकदां पाहतों."

"आधीं बटण बंद कर, आणि दारें उघड!"

आमचा स्वर जरा चढलाच. पण प्रोपेन हवेच्या सुमारें दीडपट जड. तो वर उडून न जातां जमिनीलगत सांचतो, आणि येथें सारें घरच एका खोलीएवढें! सुदैवानें वास लौकरच गेला. सांध्यांना साबणाचें पाणी लावून पाहिलें. बुडबुडे कोठेंच आले नाहींत.

मग दोष कोठें? वरची शेगडी निळी, स्वच्छ जळत होती. म्हणजे नळकांडें रिकामें नव्हतें, आणि सुमारें ११ इंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब राखणारा नियंत्रकही ठीक होता. राहिला ओव्हन. त्यांत लहान ज्योतीच्या तोंडाशीं थर्मोकपल नांवाची एक धातूची कांडी असते. ती तापली कीं २०-३० मिलिव्होल्ट इतकी यःकश्चित् वीज निर्माण होते आणि तेवढ्यावर वायूची झडप उघडी राहते. ज्योत गेली, कांडी निवली, कीं झडप मिटते. म्हणून बटण अर्धा मिनिट तरी दाबून धरावें लागतें. उतावळ्या माणसास तें युगासारखें वाटतें. आम्हीं घड्याळ लावून धरविलें, तरी तेंच. वांकून पाहिलें तों ज्योत पिवळी, मरगळलेली. कांडीपर्यंत पोंचतच नव्हती.

पुतण्या टांचणी घेऊन छिद्र कोरावयास निघाला. तें मात्र आम्हीं करूं दिलें नाहीं. छिद्र केंसभर रुंदावलें तरी वायूचें प्रमाण बिघडतें. दुसऱ्या दिवशीं गांवांतल्या कारागिरानें नळी सोडविली, तेव्हां आंतून कोळ्याचें जाळें निघालें. हिंवाळाभर बंद पडलेल्या अशा गाड्यांत हें नेहमींचेंच, असें तो म्हणाला.

त्या रात्रीं मात्र वरच्या शेगडीवरील पिठलें-भातावरच भागवावें लागलें.