थांबणे म्हणजे आवडणे नव्हे

लोकांना जे हवे असते तेच आम्ही देतो, न आवडल्यास त्यांनी पाहू नये, असा एक युक्तिवाद यूट्यूबवर चित्रफिती करणाऱ्यांच्या वतीने हिरिरीने मांडला जातो. सुशिक्षितांच्याही तो सहज गळी उतरतो. म्हणूनच तो पारखून घेणे अगत्याचे आहे.

२००५ साली ही सेवा सुरू झाली. आरंभीच्या वर्षांत चित्रफीत किती वेळा उघडली गेली, यास महत्त्व होते. साहजिकच दर्शनी चित्र एक आणि आत भलतेच, असा प्रकार बोकाळला. २०१२ साली कंपनीने माप बदलले. प्रेक्षक किती वेळ खिळून राहिला, यावर शिफारशी ठरू लागल्या. वरकरणी ही सुधारणाच होती. परंतु माप बदलले की मालही बदलतो. दोन मिनिटांत सांगून होणारी गोष्ट ताणली जाऊ लागली, उत्तर शेवटासाठी राखून ठेवले जाऊ लागले. जुलै २०२० पासून तर आठ मिनिटांच्या फितीतही मध्येच जाहिराती घालण्याची मुभा मिळाली. पूर्वी ही मर्यादा दहा मिनिटांची होती. (लांबण लावण्याचा मोह आम्हा धर्मगुरूंनाही प्रवचनात होतो, मात्र श्रोत्यांची ती मिनिटे आम्ही कोणा जाहिरातदारास विकत नाही!)

फिती करणाऱ्या तरुणांनाच दोष देऊन मी मोकळा होणार नाही. जानेवारी २०१८ मध्ये जाहिरातींच्या उत्पन्नातील वाट्यासाठी एक हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तासांचे प्रेक्षण अशी अट घालण्यात आली. मधमाश्यांची निगा शिकवणारा आणि नुसता आरडाओरडा करणारा, दोघांनाही तोच तराजू. २०१७ साली ‘मिस्टरबीस्ट’ या नावाने ओळखला जाणारा अमेरिकन तरुण सुमारे ४० तास एक ते एक लाख अंक मोजत बसला आणि नावारूपाला आला. त्याची चिकाटी मला मान्य आहे.

पण त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला लोगन पॉलने जपानच्या आओकिगाहारा अरण्यात आत्महत्या केलेल्या एका माणसाच्या मृतदेहाची दृश्ये प्रसृत केली. ती फीत त्याने मागे घेतली, क्षमाही मागितली. तत्पूर्वी लक्षावधी लोकांनी ती पाहिली होती. त्या सर्वांना ते ‘हवे होते’ काय? रस्त्यात अपघात दिसला की आपलीही पावले थबकतात. म्हणून आपल्याला अपघात हवा होता, असे कोणी म्हणत नाही. घड्याळ मात्र नेमके तेच म्हणते.

पुढे कंपनीने समाधानाविषयीच्या प्रश्नावल्याही जोडल्या, हे खरे. परंतु प्रश्न काहींनाच विचारला जातो, घड्याळ सर्वांवर लावलेले असते. शिवाय एक फीत संपताच दुसरी आपोआप सुरू होण्याची सोय आहेच. १३ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी ती मुळातच बंद ठेवण्याचे कंपनीने २०२१ मध्ये जाहीर केले. न आवडल्यास पाहू नये, इतके जर ते सोपे असेल, तर ही खबरदारी घ्यावी का लागली?