तुळजापूरच्या पुढंही जिल्हा आहे

तुळजापूरला देवीचं दर्शन झालं की लोकांची गाडी लगेच परतीला लागते. धाराशिव तालुक्यातल्या बेंबळीला कुणी पाव्हणे असतील तर चार दिवस राहा. उस्मानाबादी शेळीचं मटण आणि ज्वारीची भाकरी खा, मग तेर गाठा. संत गोरोबाकाकांची समाधी सगळ्यांना ठाऊक असते, पण तिथल्या लामतुरे संग्रहालयाकडं फारसं कुणी वळत नाही. तेर म्हणजे प्राचीन तगर. रोमशी व्यापार करणाऱ्या या गावात सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती थेट इटलीतल्या पाँपेईच्या मूर्तीशी नातं सांगते. याहून मोठं आकर्षण कुठल्या जिल्ह्याकडं असेल? नळदुर्ग किल्ल्यातला पाणीमहाल मात्र पावसाळ्यातच बघा. बोरी नदी भरल्याशिवाय त्याच्यावरून नर-मादी धबधबे कोसळत नाहीत.