संगणकभाषेची राखण कोणी करावयाची?

आमच्या सुशिक्षित मंडळींत एक मत मोठ्या आत्मविश्वासाने बोलून दाखविले जाते. ते असे की, बुद्धिमान तरुणाने काही नवे निर्माण करावे. दुसऱ्याने केलेले दुरुस्त करीत बसणे हे कारकुनी काम होय. संगणकाच्या धंद्यात पडलेल्या मुलांविषयी बोलताना तर हे हमखास ऐकू येते. मुलगा ‘मेंटेनन्स’मध्ये आहे असे सांगताना बापाचा आवाज किंचित खाली येतो. आमच्या मते हा समज नुसता चुकीचा नाही, तो कृतघ्नपणाचा आहे. आणि त्याचा दंड आपली मराठी भाषा आजही भरीत आहे.

उदाहरणादाखल पायथॉन ही संगणकभाषा घेऊ. गिडो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी १९८९ च्या अखेरीस ॲमस्टरडॅम येथे ती रचावयास घेतली व १९९१ साली ती प्रसिद्ध केली. आज शाळकरी मुलापासून शास्त्रज्ञापर्यंत सर्वजण ती वापरतात. अशी भाषा म्हणजे केवळ व्याकरणाचे नियम नव्हेत. माणसाने लिहिलेली आज्ञा यंत्रास चालविता येईल अशा रूपात उतरविणारा कंपायलर हा तिचा दुभाषा. प्रोग्रॅम चालू असता स्मृतीतील कोणती जागा कोणाकडे आहे आणि कोणती मोकळी झाली याचा हिशेब ठेवणारा रनटाइम हा तिचा कोठावळा. आणि तारखा, फायली, शब्दशोध अशा नित्याच्या कामांची हत्यारे जेथे तयार मिळतात ती स्टँडर्ड लायब्ररी हे तिचे कोठार.

हे सारे एकदा उभे राहिले की काम संपले, अशी आमच्या टीकाकारांची समजूत दिसते. वस्तुस्थिती उलट आहे. यंत्रे बदलतात, चोरांना नव्या वाटा सापडतात, जगातील लिप्यांच्या यादीत नवी चिन्हे दाखल होतात. म्हणून पायथॉनची नवी आवृत्ती दरवर्षी निघते आणि प्रत्येक आवृत्तीची पाच वर्षे काळजी वाहिली जाते. कोठारात नवे भरावे लागते तसे जुने काढावेही लागते. २०२४ च्या ऑक्टोबरात निघालेल्या ३.१३ या आवृत्तीतून निरुपयोगी झालेले १९ विभाग काढून टाकण्यात आले. काढलेल्या प्रत्येक वस्तूवर कोणा ना कोणाचा प्रोग्रॅम उभा असतो. तेव्हा काय ठेवावे आणि काय टाकावे हा निर्णय कारकुनाचा नव्हे, न्यायाधीशाचा आहे.

या राखणीचे मोल मराठी माणसाने तरी ओळखावे. पायथॉनच्या दुसऱ्या पिढीत ‘मराठी’ हा शब्द साध्या रीतीने लिहून त्याची लांबी विचारली, तर प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत उत्तर येई १५! ती भाषा अक्षरे मोजीत नव्हती, बाइट मोजीत होती. अक्षरे मोजण्याची वेगळी सोय होती, पण ती मुद्दाम मागून घ्यावी लागे. २००८ सालच्या तिसऱ्या पिढीत हा पायाच बदलला, आणि उत्तर आले ५: म, र, काना, ठ, वेलांटी. ते आमच्या तीन अक्षरांइतके नसले, तरी लिपीची दखल घेणारे खास आहे. या सुधारणेसाठी राखणदारांनी जगभर शिव्या खाल्ल्या. चालते ते का मोडता, असा एकच गिल्ला झाला. दुसऱ्या पिढीचा निरोप २०१५ साली व्हावयाचा होता, तो लांबून १ जानेवारी २०२० रोजी झाला. तोवर दोन्ही पिढ्यांची सेवा त्याच माणसांनी केली. पुढे एका नव्या प्रस्तावावरून असाच कडाक्याचा वाद झाला आणि २०१८ च्या जुलैत खुद्द व्हान रॉसम यांनी नेतृत्व सोडले. आता पाच जणांचे निवडून दिलेले मंडळ ती धुरा वाहते.

कोणी म्हणेल, ही परक्यांची वस्तू, ते पाहून घेतील. ते काय पाहतात याचा नमुना देतो. पायथॉनच्या कोठारात मजकुरातून शब्द वेचून काढण्याचे एक हत्यार आहे. त्यातील ‘शब्दातील अक्षर’ दाखविणाऱ्या नेहमीच्या खुणेने ‘मराठी’ हा शब्द शोधावयास सांगा. काना आणि वेलांटी ही त्या खुणेच्या लेखी अक्षरे नव्हेत. म्हणून हाती दोन तुकडे येतात: ‘मर’ आणि ‘ठ’. मराठीचे नाव घ्यावे आणि ‘मर’ असे उत्तर मिळावे, याहून बोलके उदाहरण ते कोणते? यात कोणाचा दुष्टावा नाही. खुणेचा अर्थ बदलला तर तिच्यावर विसंबलेले असंख्य प्रोग्रॅम बिघडतील, ही भीती रास्तच आहे. परंतु ती शंका आणि आमची लिपी या दोहोंचा तोल सांभाळून मार्ग काढील असा माणूस दोन्ही जाणणारा हवा. तो ॲमस्टरडॅममध्ये कोठून मिळणार? तो पुण्यात, नागपुरात, पणजीत मिळावयास हवा. आणि तेथे तर त्याला आम्ही शिकवून ठेवले आहे की, दुरुस्ती हे हलके काम!

फुकट मिळणाऱ्या वस्तूस खर्च नसतो, हाही असाच एक भ्रम. भाषेची मालकी सांभाळणाऱ्या पायथॉन सॉफ्टवेअर फाउंडेशनने भाषेच्या राखणीसाठी पूर्णवेळ पगारी माणूस नेमला तो २०२१ साली, म्हणजे भाषा तीस वर्षांची झाल्यावर. काही कंपन्यांनी आपली माणसे दिली, हे मान्य. पण बाकीचा भार वर्षानुवर्षे फावल्या वेळात काम करणाऱ्यांनी उचलला. त्या श्रमावर आमच्या घरांतील पगार उभे आहेत.

गावच्या विहिरीचे पाणी जो भरतो त्याने गाळ काढावयाच्या दिवशी हजर राहावे, हा आपला जुना रिवाज. तो येथेही लागू आहे. ज्या मराठी तरुणांना कंपायलरचे वा कोठाराचे काम साधते, त्यांनी आठवड्याचे चार तास या गाळास द्यावेत. ज्या कंपन्या या भाषेवर कमावतात, त्यांनी ते तास पगारी धरावेत. आणि मुलाने सांगितले की आज आपण नवे काही केले नाही, काना-वेलांटीचा एक जुना दोष तेवढा दूर केला, तर बापाने आवाज खाली न आणता ते शेजाऱ्यांस सांगावे.