खोलीचे घर

सावर्ड्याला चित्रकला शिकायला आणि जवळच डेरवणला डॉक्टर व्हायला परगावची मुले येतात. बारावीनंतर तुम्हीही दापोलीला, मुंबईला जाल. वसतिगृहात एक खाट, एक टेबल आणि अर्धे कपाट मिळेल. त्या खोलीचे घर कसे होईल?

घरची गोधडी न्या, खिडकीत एखादे रोप ठेवा. (भिंतीला खिळे मात्र ठोकू नका!) पण पुष्कळ मुले खोलीत 'आपल्यातलाच' सोबती मागतात, ते मला पटत नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. उघड अस्पृश्यता पाळली जाई, त्या काळात हे सोपे नव्हते. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले.

अडचणी येणारच. तुमच्या सुक्या बांगड्याचा वास सोबत्याला सोसणार नाही. फजरच्या गजराने त्याची झोप मोडेल. त्याच्या रात्रीच्या गाण्यांनी तुमची मोडेल. म्हणून पहिल्याच आठवड्यात मोकळेपणाने ठरवा: दिवा किती वाजता मालवायचा? गजर कोणाच्या उशाशी? आणि ईदला घरून शीरखुर्म्याचा डबा आला, तर दोन चमचे काढा.