माल आपला, मग फोटो दुसऱ्याचा का?

आमच्या ओळखीचे एक जरदोजी कारागीर आहेत. वीस वर्षे अड्ड्यावर बसून सुई चालवीत आले आहेत. मध्यंतरी त्यांनी ठरविले, की आता काही माल आपण थेट ग्राहकाला विकावा. दुपट्ट्यांचे सुंदर फोटो होतेच. ज्या व्यापाऱ्याला ते माल देत, त्याने फोटोग्राफर लावून ते काढून घेतले होते. तेच फोटो त्यांनी इंटरनेटवरच्या आपल्या दुकानात लावले. चार दिवसांत व्यापाऱ्याची तक्रार गेली आणि फोटो उतरविण्यात आले. ते आमच्याकडे आले तेव्हा संतापाने म्हणाले, "भाई, हात माझा, मेहनत माझी आणि फोटो त्यांचा?"

आम्हाला त्यांना कटू उत्तर द्यावे लागले. होय, फोटो त्यांचाच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १७ सांगते, की मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, मोबदला देणारा असतो. पैसे व्यापाऱ्याने दिले, म्हणून फोटोवर हक्क त्याचा. नक्षीवर कोणाचा हक्क, हा प्रश्न वेगळा. पण फोटोपुरता व्यापारी चुकला नव्हता. चूक झाली ती आपली, कारण वीस वर्षांत आपण आपल्या मालाचा एकही धड फोटो स्वतः काढला नाही.

दुकानाची पाटी बदलली आहे

पूर्वी ग्राहक दुकानात येत असे, कापड बोटांनी चाचपून पाहत असे, उजेडात धरत असे. आज तो मोबाइलवर फोटो पाहतो आणि तेथेच मन बनवितो. हिमरूची शाल असो, बिदरीची सुरई असो, कोल्हापुरी चप्पल असो की अत्तराची कुपी, मालाआधी त्याचा फोटो ग्राहकापुढे जातो. आणि आपण काय करतो? ट्यूबलाइटखाली, चुरगळलेल्या चादरीवर माल टाकून फोटो काढतो. मागे घरातली भांडी दिसतात. मग म्हणतो, ऑनलाइन धंद्यात काही राम नाही!

मोठ्या बाजारपेठांचे नियमही ठरलेले आहेत. अॅमेझॉनवर मुख्य फोटोची पार्श्वभूमी पूर्ण पांढरी लागते आणि वस्तूने चौकटीचा किमान ८५ टक्के भाग व्यापलेला असावा लागतो. घरच्या खोलीत हे साधणे अवघड. प्रत्येक वेळी फोटोग्राफर बोलाविणे लहान कारागिराला परवडत नाही. यावर मधला मार्ग आहे, तो म्हणजे तासाच्या भाड्याने स्टुडिओ घेणे आणि फोटो स्वतः काढणे. मोठ्या शहरांत असे स्टुडिओ मिळतात. जागा, दिवे आणि पडदा त्यांचा, कॅमेरा व हात आपला. आणि हक्कही आपला.

आम्ही काय शिकलो

वर सांगितलेल्या कारागिराबरोबर आणखी दोघे जमले, एक बिदरीवाले व एक चपला बनविणारे. तिघांत भाडे वाटून घेतले आणि तीन तासांसाठी स्टुडिओ ठरविला. आम्हीही सोबत गेलो. पहिला पाऊण तास वाया गेला. तेथे चमकणारे फ्लॅश दिवे होते. ते कॅमेऱ्यावर बसविलेल्या यंत्राच्या इशाऱ्यावर पेटतात. आमच्याकडे मोबाइल! दिवे आणि मोबाइल यांचे जमेना. शेवटी मालकाने सतत जळणारे एलईडी दिवे काढून दिले, त्याचे पैसे मात्र वेगळे घेतले. दोष आमचाच, आधी विचारले नव्हते. म्हणून वाचकांना सांगतो, मोबाइलने फोटो काढावयाचे असतील तर सतत जळणारे दिवे आहेत काय, हे बयाणा देण्यापूर्वी विचारा. मांडामांड आणि आवराआवर भाड्याच्या वेळेतच धरली जाते काय, पडदा किंवा दिवा खराब झाल्यास किती भरावे लागेल, हेही कागदावर घ्या.

काम सुरू झाल्यावर आणखी काही गोष्टी ध्यानात आल्या. जरदोजीवर समोरून उजेड टाकला, तर काम सपाट दिसते. दिवा बाजूला आणि खाली नेला, की सलमा-सितारे उठून दिसतात. बिदरीचे उलटे. काळ्या अंगावरची चांदी दिव्याचा डाग पकडते, म्हणून दिव्यापुढे पांढरे पातळ कापड धरावे लागते. चपलांना एका बाजूने दिवा आणि दुसऱ्या बाजूने थर्माकोलची पांढरी पाटी पुरते. मोबाइल वस्तूला चिकटवून रुंद भिंगाने फोटो काढू नये, आकार बिघडतो. मागे सरून मुख्य भिंगाने काढावा. पांढऱ्या पडद्यामुळे मोबाइल फसतो आणि फोटो करडा येतो, तेव्हा उजेडाची पट्टी थोडी वर सरकवावी. खोलीतले इतर दिवे बंद ठेवावे, नाहीतर रंग बदलतो. माल आदल्या रात्रीच इस्त्री करून, पुसून, यादीप्रमाणे लावून न्यावा. भाडे घड्याळाचे असते, तेथे सुरकुत्या काढीत बसणे महाग पडते.

पाऊण तास गमावूनही तिघांचे काम झाले. जरदोजीवाल्यांच्या दुकानात आता त्यांचे स्वतःचे फोटो आहेत. ते उतरवा, असे त्यांना कोणी सांगू शकत नाही.

फोटोने खोटे बोलू नये

येथे एक इशारा देणे आम्ही कर्तव्य समजतो. चांगला उजेड दोष दाखवितो तसा झाकतोही. खाली ओले धान्य आणि वर कोरडे, त्या ढिगाची हदीस आपल्या प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे. तुटलेला टाका सावलीत लपविणे, फिका रंग यंत्राने गडद करणे, नकली जरीला सोन्याचा उजळा देणे, हे त्याच ढिगाचे नवे रूप. २०२० च्या ई-व्यापाराच्या ग्राहक संरक्षण नियमांनुसारही जाहिरात आणि प्रत्यक्ष माल यांत मेळ असला पाहिजे. माल सांगितल्याप्रमाणे नसेल तर तो परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही. परत आलेल्या मालाचा खर्च नफ्याला खातो, आणि गेलेला भरवसा तर परत येतच नाही. हाताने केलेल्या कामात थोडा फरक असणारच. तो फोटोत दिसू द्या आणि खाली लिहाही. जाणकार ग्राहक त्याचीच किंमत देतो.

फोटोग्राफर बंधूंना

कोणी म्हणेल, तुम्ही फोटोग्राफरची रोजी मारता. आपलीच कित्येक मुले या धंद्यात आहेत, याची आम्हाला जाणीव आहे. वर्षातून एकदा मोठा कॅटलॉग काढावयाचा, किंवा निर्यातीसाठी नमुने पाठवावयाचे, तर जाणत्या हाताला पर्याय नाही. तेव्हा त्याला पूर्ण मेहनताना द्यावा. पण रोज बदलणाऱ्या मालासाठी ते शक्य नाही, आणि असे काम फोटोग्राफरकडे पूर्वीही जात नव्हते.

उलट, गल्लीतल्या जुन्या फोटो स्टुडिओंना आम्हाला येथे संधी दिसते. पासपोर्टचा फोटो आता सेवा केंद्रातच निघतो, आधारचाही तसाच. लग्नसराई सोडली तर दुपारी दुकान रिकामे असते. तीच जागा, तेच दिवे तासाने भाड्याने द्यावे. दक्षिण कोरियात असे स्टुडिओ चालतात, जेथे फोटोग्राफर खोलीत नसतोच. रिमोट ग्राहकाच्या हाती असतो आणि तो स्वतःचे फोटो स्वतः काढतो. आपल्या वस्त्यांत घरी बसून भरतकाम करणाऱ्या अनेक भगिनी आहेत. परक्या पुरुषासमोर जाण्याचा संकोच असल्याने त्यांचा माल दलालाच्या हातूनच बाजारात जातो. दार आतून बंद करून दोन तास निवांत फोटो काढता येतील अशी खोली मिळाली, तर त्या थेट ग्राहकापर्यंत पोहोचतील. स्टुडिओवाल्यालाही भाडे मिळेल.

कारागीर बंधू-भगिनींनो, यासाठी मोठे भांडवल लागत नाही. तिघे-चौघे एकत्र या, यादी करा, दिवे कोणते ते विचारा आणि एक दुपार त्यासाठी काढा. माल आपल्या हातचा आहे, आता त्याचा फोटोही आपल्याच हातचा असू द्या.