पाय नसलेल्यांचे अंथरूण

'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण ज्या कोणी काढली त्याला पाय होते, एवढे नक्की. पाय असलेल्या मंडळींची ही जुनीच खोड आहे. आपल्याला जे आहे ते साऱ्या सृष्टीला असणार आणि आपल्याला जे मानवते ते साऱ्या सृष्टीला मानवणार, असे ती बिनदिक्कत धरून चालतात. आता ज्याला मुळी पायच नाहीत त्याने काय पाहून काय पसरायचे? त्याच्यापुरती ही म्हण फिरवूनच घ्यायला हवी. साप पाहून अंथरूण घालावे. या एका वाक्यासाठी मी हा सगळा लेख लिहितो आहे. सापाचे नाव ऐकताच पाय वर घेऊन बसायची ज्यांना सवय आहे, त्यांनी खुशाल तसे बसून वाचावे.

साप आणि अंथरूण यांचा संबंध आपल्याला नवा नाही. शेष म्हणजे प्रत्यक्ष भगवंताचे अंथरूण. विष्णू शेषावर पहुडले, लक्ष्मी पाय चेपीत बसली, हे चित्र आपण घरोघरी भिंतीवर लावले. पण त्या शेषाच्या खाली काय होते, हे कोणी विचारले का? खाली क्षीरसागर होता. म्हणजे आर्द्रता शंभर टक्के! आपल्या पूर्वजांना सापाच्या बिछान्यातले जे कळले होते, ते अमेरिकेतल्या दुकानदाराला अजून कळायचे आहे.

अमेरिकेचे नाव मी उगाच घेत नाही. आमचा एक भाचा मिशिगनमध्ये, डेट्रॉइटपासून तासाभराच्या अंतरावर राहतो. लोकांची मुले अमेरिकेत जाऊन मोटार घेतात, घर घेतात; यानेही ती घेतली आणि मग एक रेनबो बोआ घेतला. मी त्याच्याकडे हिवाळ्यात दोन महिने राहिलो, तेव्हा पाहुण्यांची खोली आमच्यात आणि त्या जनावरात वाटून दिलेली होती. "मामा, घाबरू नका, बिनविषारी आहे," असे भाचा म्हणाला. मी म्हटले, "अरे, मी नाही घाबरत, पण तुझ्या मामीला हे विमानतळावरच सांगायला हवे होतेस."

पण खरे सांगतो, जनावर देखणे. तांबूस तपकिरी अंग, पाठीवर काळ्या कड्यांची वर्तुळे, आणि अंगावर उजेड पडला की निळा, हिरवा, जांभळा असा झळाळ उठतो, तो थेट रस्त्यावर सांडलेल्या तेलावर उठावा तसा. हा रंग कातडीत नसतोच. खवल्यांवर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक रेघा असतात, त्यांवरून प्रकाश फुटतो आणि इंद्रधनुष्य उमटते. लिनीअसने १७५८ साली या सापाची शास्त्रात नोंद केली. पाच-सहा फूट वाढतो, अंडी न घालता जिवंत पिल्ले देतो आणि नीट ठेवला तर वीस वर्षे जगतो. मूळ गाव अमेझॉनचे खोरे. त्या खोऱ्यातल्या मनौस शहरी वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मुंबईचाही आकडा त्याच घरातला, पण मुंबईचा पाऊस चार महिन्यांत हिशेब चुकता करून निघून जातो आणि तिथला वर्षभर हप्त्याहप्त्याने येत राहतो.

अशा ओल्या मुलखातल्या जिवाला दुकानदाराने अंथरूण काय द्यावे? रंधा मारल्यावर उडतात तशी लाकडाची कोरडी पांढरी सालपटे! वर सल्ला असा की, "स्वच्छ राहते, वास येत नाही, बदलायला सोपे." माझे भांडण इथून सुरू होते. या तिन्ही गुणांत साप कुठे आहे? स्वच्छ कोणाला दिसते, मालकाला. वास कोणाला येत नाही, मालकाला. बदलायला सोपे कोणाला, मालकाला. मग त्यावर झोपायलाही मालकानेच जावे.

आता मिशिगनची हवा पाहा. बाहेर शून्य अंश, हवेत ऐंशी टक्के आर्द्रता. तीच हवा घरात घेऊन भट्टीने बावीस अंशांवर तापवली की आर्द्रता उरते अठरा-एकोणीस टक्के. बाष्प कुठे पळाले नाही, तेवढेच आहे. पण तापलेली हवा म्हणजे मोठे झालेले पातेले; काल वाटीत काठोकाठ भरलेली आमटी आज त्याच्या तळाशी दिसते. तिथे आमचे ओठ फुटले, टाचा फुटल्या, हिच्या बांगड्यांना हात लावला की ठिणगी उडायला लागली. आम्हाला निदान तूप चोळता येत होते. ज्याला पंचाहत्तर-ऐंशी टक्क्यांच्या वर आर्द्रता लागते, त्या जिवाने कोणाकडे तूप मागायचे?

त्याने मागितले नाही. त्याने कात टाकली, ती पापडाच्या तुकड्यांसारखी. सापाची कात कशी निघावी? पायातला मोजा उलटा काढावा तशी, डोक्यापासून शेपटीपर्यंत एकसंध. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि तोही कातीबरोबर निघायला हवा. हवा कोरडी असली की तो तिथेच चिकटून बसतो. चार वेळा असे झाले की डोळ्यावर थरावर थर. शेपटीच्या टोकाला जुन्या कातीची कडी राहिली तर रक्त पोचत नाही आणि टोक वाळून गळून जाते. नुकती जन्मलेली पिल्ले तर कोरड्या पेटीत अंगातले पाणी आटून मरतात. हे सारे निमूटपणे होते, कारण सापाला ओरडता येत नाही. कुत्रा निदान भुंकून शेजाऱ्यांना तरी उठवतो.

कोरड्या पक्षाची काही ठरलेली उत्तरे आहेत. पहिले : "अहो, हा साप अमेझॉन पाहिलेलाही नाही, इथेच पेटीत जन्मला." वा! आमच्या भाच्याचा मुलगाही तिथेच जन्मला. त्याने रत्नागिरी पाहिलेली नाही. पण शेजारच्या घरात कोणी सुरमई तळली की त्याची मान बरोबर तिकडे वळते. आणि ही झाली नुसती आवड. कातडी तर त्याहून जुनी. जन्मगाव बदलले म्हणून कातडी बदलत नाही. नाहीतर आपल्यातल्या कितीतरी लोकांनी विमानतळावरच ती काढून ठेवली असती.

दुसरे उत्तर : "सगळे रेनबो बोआ सारखेच, आमचा कोरड्यात छान राहतो." हे अर्धसत्य आहे, म्हणून जास्त धोक्याचे. पूर्वी हे सगळे एकाच जातीचे पोटभेद मानले जात. २००८ साली अभ्यासकांनी त्यांच्या पाच निरनिराळ्या जाती मानल्या. त्यांतली एक ब्राझीलच्या ईशान्येकडच्या काटेरी, रखरखीत प्रदेशातली आहे. कोलंबियाकडचीही बरीच सोशिक. पण दुकानातल्या पाटीवर नुसते 'रेनबो बोआ' लिहिलेले. कोकणी आणि सोलापुरी या दोघांच्या डब्यावर नुसते 'मराठी' लिहून दोघांना एकाच हवेत कोंडावे, तसेच हे. आधी विचारावे, पाहुणे कुठले? मग अंथरूण घालावे.

तिसरे उत्तर वर्तमानपत्राचे. "पेपर घाला, फुकट आहे." वर्तमानपत्रावर माझा राग नाही. नवा किंवा आजारी साप काही आठवडे वेगळा ठेवायचा तर पेपर उत्तम, कारण त्याची विष्ठा आणि अंगावरचे किडे चटकन दिसतात. पण ओल धरून ठेवण्याच्या बाबतीत पेपर म्हणजे अग्रलेख : वर ओलावा, आत कोरडे, आणि संध्याकाळपर्यंत सगळे वाळून जाते.

मग घालायचे काय? नारळाच्या काथ्याचा भुसा, सायप्रसच्या सालीचा चुरा, आणि जोडीला स्फॅग्नम नावाचे शेवाळ. सीडरच्या लाकडाचा भुसा मात्र मुळीच नको. त्याच्या सुवासिक तेलाची सापाला बाधा होते. आपल्याला जे मंद सुगंधी ते त्याला विषारी, ही मेख कोणी लक्षात घेत नाही. काथ्याच्या भुशाची गंमत तर पाहा. तो दाबून केलेल्या विटांच्या रूपात भारतातून आणि श्रीलंकेतून तिकडे जातो. आमच्या आजोळी नारळाची सोडणे बंबात जात आणि त्यावर सगळ्या घराच्या आंघोळी होत. तोच माल समुद्र ओलांडून भाच्याच्या घरी डॉलर मोजून येतो आणि एका अमेझॉनी सापाची गादी होतो. आमच्या कोकणाने आजवर जगाला पुष्कळ दिले. आता सापालाही दिले.

पण माझे भांडण कोरड्यांशी आहे म्हणून ओल्यांनी लगेच टाळ्या वाजवू नयेत. हाही एक पंथ आहे. आर्द्रता हवी म्हटल्यावर हे लोक पेटीत डबके करतात, झाकण घट्ट लावतात आणि धर्मकृत्य केल्याच्या समाधानाने झोपी जातात. आठ दिवसांत बुरशी, आणि सापाच्या पोटाला फोड. दमट आणि ओले यांतला फरक मुंबईकराला समजावून सांगायची गरज नाही. आषाढात कपाटातली जरीची पैठणी काढून हुंगावी, म्हणजे कोंडलेली ओल काय करते ते कळते. ओल हवी, पण वाराही हवा.

यावरची युक्ती साधी आहे. भुशाचा तीन-चार इंच थर द्यावा आणि पाणी वरून न शिंपडता कोपऱ्यांतून ओतावे, म्हणजे खालचा थर ओला राहतो आणि वरचा जेमतेम दमट. भुसा मुठीत दाबला की लाडू वळावा, पण बोटांतून पाणी गळू नये. जाळीचे झाकण थोडे झाकावे, थोडे उघडे ठेवावे. पाण्याचे भांडे चांगले मोठे असावे, सापाला आत वेटोळे घालून बसता येईल असे. एका झाकणाच्या डब्याला भोक पाडून त्यात ओले शेवाळ भरून ठेवावे. कात टाकायची वेळ आली की तो आपणहून तिथे जातो. उष्णता उबदार बाजूलाही तीस अंशांच्या आसपासच असावी, त्याहून फार वर गेली तर हा जीव सोसत नाही. घाण केली तेवढा भुसा त्याच दिवशी काढावा. यातले एकही काम सांडगे घालण्यापेक्षा अवघड नाही.

आणि मापक? दुकानाने दिला होता तो गोल, काट्याचा, हिरव्या पट्टीवर 'उत्तम' असे छापलेला. त्याची परीक्षा स्वयंपाकघरात होते. एका वाटीत मीठ घ्यावे, चिखल होईल इतपतच पाणी घालावे, वाटी आणि मापक घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवावे. सकाळी मापकाने पंचाहत्तर दाखवलेच पाहिजे; मिठाच्या ओल्या लगद्यावरची हवा तेवढ्याच आर्द्रतेवर स्थिरावते, हा निसर्गाचा नियम आहे. भाच्याचा काटा पंचावन्नवर हात जोडून उभा होता! म्हणजे खऱ्या मिठालाही न जागणारे यंत्र. ते त्याच दिवशी केरात गेले आणि आकड्यांचे आले. भुसा बदलला, मापक बदलला. पुढची कात साडेचार फुटांची, अखंड निघाली. भाचेसुनेने ती पुस्तकात जपून ठेवली आहे, आमच्या पिढीत मोरपीस ठेवत तशी.

आता तुम्ही म्हणाल, हे तिकडचे झाले, आम्हाला काय त्याचे? त्याचे असे, की अशी परदेशी जनावरे घरात ठेवायची हौस आपल्या शहरांतही आली आहे. आपला देशी साप धरून घरी ठेवता येत नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा आडवा येतो. परदेशी जातींच्या व्यापाराचा 'साइट्स' हा आंतरराष्ट्रीय करार आहे. बोआचे सगळे कुळ त्यात येते, आणि २०२२ च्या दुरुस्तीने त्या करारातल्या जिवंत प्राण्यांची नोंदणी आपल्याकडेही कायद्याने लागते. पण कायदा फार तर कागद मागेल. एप्रिलच्या दुपारी, जेव्हा पुण्यातल्या गच्चीवर पापड तासाभरात कडकडीत होतात, तेव्हा पेटीतल्या भुशाचा लाडू वळतो की नाही, हे पाहायला कोणी इन्स्पेक्टर येणार नाही. ते पाहायचे तुम्हीच, रोज, वीस वर्षे.

ज्यांना हे जमणार नाही त्यांना मी दोष देत नाही. अमेरिकेत मक्यावरून नाव पडलेला कॉर्न स्नेक मिळतो. तो कोरड्या सालपटांवर आनंदाने राहतो, त्यांनी तो पाळावा. आपल्याकडे भिंतीवर शेषशायी विष्णूचे चित्र लावावे. पण इंद्रधनुष्य घरात आणायचे आणि पाऊस मात्र दाराबाहेर ठेवायचा, हे चालणार नाही. पावसाशिवाय इंद्रधनुष्य कोणी पाहिले आहे?